मार्वाचा उजवा पाय

दुखत नव्हतं, हीच खरी भानगड होती. दुखलं असतं तर मार्वाला तासाभरात कळलं असतं की बुटात खडा शिरलाय. पण केअर होममधली आठ तासांची पाळी संपवून, सायकल हाणत घरी येऊन, चहाचं आधण ठेवून तिने मोजे काढले, तेव्हा उजवा मोजा अंगठ्यापाशी तांबडा दिसला. बूट झटकला तर तुरीच्या दाण्याएवढा खडा फरशीवर पडला. दिवसभर ती त्या खड्यावर उभी होती, चालली होती, जिने चढली होती, आणि पायाने तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मार्वा एकसष्ट वर्षांची. मूळची जमैकाची, सव्वीस वर्षांपूर्वी लग्न करून नेदरलँड्सला आली आणि त्यातली बावीस वर्षं रायस्वाइकच्या एकाच केअर होममध्ये म्हाताऱ्यांची उस्तवार करण्यात गेली. तिला नऊ वर्षांपासून मधुमेह. तिच्या गावी त्याला शुगर म्हणतात, आपल्यासारखंच. शुगरवाल्यांचे पाय कसे जातात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आधी मुंग्या येतात, मग मुंग्याही येईनाशा होतात, मग एक दिवस एवढीशी जखम होते आणि कळत नाही. लवकर दाखवली तर मलमपट्टीवर भागतं. उशीर केला तर बोट जातं, आणखी उशीर केला तर पाय. केअर होममध्ये नव्याने लागणाऱ्या पोरींना हे सगळं तीच पढवायची. आणि त्या संध्याकाळी याच बाईने जखम मिठाच्या पाण्याने धुतली, कुंडीतल्या कोरफडीचा गर लावला, वर फडकं बांधलं आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही.

चांगल्या शहाण्यासुरत्या बाईने असं का करावं? त्यासाठी तिच्या डॉरिस मावशीची हकिकत सांगावी लागेल.

जमैकाच्या दक्षिणेला सेंट एलिझाबेथ नावाचा परगणा आहे. लाल माती, पाऊस बेताचा, कलिंगडाची आणि कांदापातीची शेती. तिथल्या एका वस्तीत मार्वा आणि तिची थोरली बहीण एनिड आजीच्या धाकात वाढल्या. आजीचं नाव आयसिल्डा, पण तिला नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. सगळे मामा आयसी म्हणत; तिथे मामा म्हणजे आई. डॉरिस मावशी या आजीची धाकटी लेक. तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली, आणि आजीने तिला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. मावशी अंगठा दाखवायला गेली आणि पाय ठेवून आली, गुडघ्याच्या वरपासून. मार्वा तेव्हा तेरा वर्षांची होती. मावशीला ओसरीवर खुर्चीत बसवलं, मांडीवर चादर टाकली, आणि वस्तीतली माणसं फाटकापाशी येऊन ती चादर जिथे एकदम सपाट व्हायची तिथे टक लावून बघू लागली. कुणी म्हणालं खाण्यापिण्याचा दोष, कुणी म्हणालं जुनं पाप. चार महिन्यांत मावशी गेली. आजीने फाटकाला कडी घातली आणि दोन्ही नातींना समोर उभं करून बजावलं, की या घरातलं दुखणं यापुढे फाटकाबाहेर जाणार नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपणही म्हणतो. पण आपण अधूनमधून ती शेजारणीपाशी उघडतो. मामा आयसीने या दोघींच्या मुठी अशा आवळून दिल्या, की त्या उघडतात कशा हेच त्या विसरल्या. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर होतं: बरी आहे, देवाची कृपा.

आजीचे बाकीचे नियमही तसेच कडक होते. वाटेत जो भेटेल त्याला आधी नमस्कार. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची नाही. वडीलधाऱ्यांनी काही सांगितलं तर उलट बोलायचं नाही. कपडे जुने चालतील, चुरगळलेले चालणार नाहीत. परदेशात मार्वा टिकली ती याच शिस्तीच्या जोरावर, हे मान्यच करायला हवं. वाखनिंगनचा विम नावाचा कृषितज्ज्ञ कलिंगडाच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी तिच्या परगण्यात आला, तिच्या प्रेमात पडला, तिला घेऊन आला, आणि बारा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. मूलबाळ नाही. विमच्या मागे ती कोलमडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तेराव्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून कामावर हजर झाली आणि दारातून आत शिरताना प्रत्येकाला खुदमोर्खन, म्हणजे सुप्रभात, म्हणाली.

इथली माणसं तिला सुरीनामची, म्हणजे डचांच्या जुन्या वसाहतीतली समजतात. ती जमैका म्हणाली की हमखास कुणीतरी दोन बोटं ओठांशी नेऊन गांजाचा धूर सोडल्याची नक्कल करतं आणि हसतं. मार्वाला याचा संताप येतो. तिच्या जमैकात रविवारी डोक्यावर हॅट असते, मांडीवर बायबल असतं आणि मोठ्यांसमोर आवाज चढत नाही. पण संताप दाखवायचा नाही, हाही आजीचाच नियम, म्हणून ती नुसती बघत राहते. समोरचा ओशाळतो.

तर जखमेला दहा दिवस झाले. जखम मिटण्याऐवजी तिची कड पांढरी पडली. त्या गुरुवारी मार्वा केअर होममध्ये डेकरबाईंचे पाय धूत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या डेकरबाईंना बाकी सगळा स्टाफ रीट म्हणतो, इथे तशीच पद्धत आहे. मार्वा मात्र बावीस वर्षांत कुणा म्हाताऱ्याला नावाने हाक मारू शकली नाही, म्हणून ती एकटीच त्यांना ‘मेव्राउ डेकर’, म्हणजे डेकरबाई, म्हणते. पाय पुसताना तिला बाईंच्या टाचेला केसाएवढी चीर दिसली. पाच मिनिटांत तिने नर्सला बोलावलं, टॅबवर नोंद केली, फोटो काढला आणि संध्याकाळी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय जायचं नाही असं सगळ्यांना दटावलं. नर्स म्हणाली, तुझ्यासारखी नजर कुणाची नाही. मार्वा मान खाली घालून मोजे घडी करत राहिली. स्वतःच्या बुटातला ओलेपणा तिला जाणवत नव्हता, पण वास यायला लागला होता, आणि तो आणखी कुणाला येईल या धास्तीने ती दिवसभर माणसांपासून हातभर लांब उभी राहत होती.

तिला भीती जखमेची नव्हती. भीती होती ती दाखवण्याची. दाखवलं की कापतात, हे तेराव्या वर्षी तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. बावीस वर्षांत तिने इथे कित्येक पाय वाचलेले बघितले, पण ते डच माणसांचे. आपला पाय डॉरिस मावशीच्याच जातीचा, असं ती धरून चालली होती. पाय गेला तर नोकरी गेली, सायकल गेली, आणि मग खुर्चीत बसून मांडीवर चादर घेऊन खिडकीबाहेर बघत बसायचं. त्यापेक्षा थोडं थांबू, भरेल आपोआप, असं ती रोज सकाळी स्वतःला समजवायची.

रविवारी एनिडचा फोन व्हायचा. एनिड तिच्याहून चार वर्षांनी मोठी, अजून त्याच वस्तीत, त्याच घरात राहणारी. दोघी आपल्या गावच्या इंग्रजी बोलीत बोलायच्या, जी अस्सल इंग्रजांनाही कळत नाही. कांद्याचा भाव काय, चर्चमध्ये कोण आलं, कोण गेलं. शेवटी एनिड विचारायची, तू कशी आहेस? मार्वा म्हणायची, बरी आहे, देवाची कृपा. तू? एनिड म्हणायची, बरी. त्या दिवसांतले तिन्ही रविवार हे असंच झालं.

आता शेजारघराकडे येऊ. मार्वा राहते त्या इमारतीला आपल्या चाळीसारखी लांबलचक कॉमन गॅलरी आहे. प्रत्येक घराचं स्वयंपाकघर गॅलरीकडे, त्यामुळे येणारा-जाणारा खिडकीवरूनच जातो. मार्वाच्या दोन घरं अलीकडे समता राहते, नागपूरची, इथे आयटीत आहे. चार वर्षांचा घरोबा. मार्वाच्या कुंडीतल्या जहाल मिरच्या समताच्या ठेच्यात जायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघी समताकडे चहाला बसायच्या. समताच्या घरी चपला-बूट दाराबाहेर काढायची रीत. मार्वाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. तिच्या आजीनेही चिखलाच्या पायांनी कुणाला घरात घेतलं नसतं. पण आता बूट काढणं म्हणजे सगळंच उघडं पडणं. पहिल्या शुक्रवारी तिने पाळी बदलल्याची थाप मारली, दुसऱ्या शुक्रवारी सर्दीची. तिसऱ्या शुक्रवारी समता दारातच उभी होती. तिने जरा दुखावल्या आवाजात विचारलं, की माझं काही चुकलं का? मार्वा उंबऱ्याबाहेर उभी राहून हसली, नाही म्हणाली, आणि निघून गेली. चार वर्षांची मैत्रीण गेली तरी चालेल पण मोजा दिसता कामा नये, इथवर मजल गेली होती.

त्यातच समताची आई कमलताई तीन महिन्यांसाठी नागपूरहून आली. सत्तरीची बाई, सुती साडीवर मुलीचं जाड जॅकेट घालून दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसायची. मार्वाला खिडकीवरून जाताना नमस्कार केल्यावाचून पाय उचलणं शक्य नव्हतं. ती म्हणायची गुड मॉर्निंग. आतून हात वर करून कमलताई म्हणायच्या, जय भीम. चार दिवसांत मार्वाही जय भीम म्हणायला लागली. पण पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की म्हातारी तोंडाकडे बघतच नाही. म्हातारी तिच्या बुटाकडे बघते.

मग त्या खिडकीची तिला धडकीच भरली. गॅलरीला दुसरा जिना नव्हता. ती खिडकी यायच्या आधी थांबायची, श्वास घ्यायची, नाडी सैल सोडलेला उजवा बूट सरळ टेकवायची, आणि ताठ चालत जायची. खिडकीपलीकडे गेली की पुन्हा टाचेवर. एकदा तिने मागे वळून बघितलं, तर कमलताई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून तिची ती टाचेवरची चाल बघत होत्या.

चोविसाव्या दिवशी, गुरुवारी, मार्वा उठली ती थरथरतच. ताप एकोणचाळीस, म्हणजे आपल्याकडचा एकशे दोन. फडकं सोडलं तर अंगठा काळपट पडला होता आणि घोट्याच्या वरपर्यंत लाल पट्टा चढला होता. हा पट्टा म्हणजे विष वर चढतंय, हे तिला पुस्तकासकट पाठ होतं. तिने दोन गोळ्या घेतल्या, मोठ्या मापाचा बूट चढवला, इस्त्रीचा सदरा घातला आणि कामाला निघाली. आजचा दिवस काढू, उद्या बघू.

खिडकीत कुणी नव्हतं. तिला हायसं वाटलं, तेवढ्यात समताचं दार उघडलं आणि कमलताई बाहेर येऊन गॅलरीच्या मधोमध उभ्या राहिल्या. वाटच अडवली. मागून समता कानाला हेडफोन लावलेली, घाबरीघुबरी होऊन बाहेर आली.

“बूट काढ,” कमलताई म्हणाल्या.

समताने ते इंग्रजीत सांगितलं आणि वर स्वतःचं जोडलं, की माफ कर, ऐकू नकोस, इथे असं कुणाला विचारत नाहीत हे मी आईला आठवडाभर सांगतेय. मार्वा म्हणाली, मला उशीर होतोय. कमलताईंनी दोघींचंही ऐकलं नाही. त्या गॅलरीतल्या गारढोण फरशीवर सरळ खाली बसल्या, आपला लोकरीचा मोजा ओढून काढला आणि उजवा पाय पुढे केला. त्या पायाला तीनच बोटं होती.

“माही दोन बोटं गेली. पाय हाये. हिच्या बापानं नाही दाखवला, ते गेले,” त्या म्हणाल्या. “तू कायले लपवून राहिली बाई?”

हे भाषांतर करताना समता दोनदा अडखळली, कारण बाप तिचा होता.

मार्वाने त्या पायाकडे बघितलं. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिला काही उमजलंबिमजलं नाही. आपण वाचू असंही वाटलं नाही. तिला एवढंच दिसलं, की एक वडीलधारी बाई आपल्यासाठी थंड फरशीवर उघड्या पायाने बसली आहे आणि आपण तिला नाही म्हणून उभ्या आहोत. मामा आयसीच्या घरात याहून मोठा गुन्हा नव्हता. ज्या शिकवणीने तिचं तोंड इतकी वर्षं शिवलं, त्याच शिकवणीने तिचे गुडघे वाकवले. ती खाली बसली आणि तिने बूट काढला.

वास गॅलरीभर झाला. समताने तोंडावर हात घेतला. कमलताईंनी नाकही मुरडलं नाही. पाय मांडीवर घेऊन त्यांनी अंगठ्याजवळ बोटाने दाबलं आणि मार्वाच्या तोंडाकडे बघितलं. मार्वाने मान हलवली. कळत नव्हतं.

समताने तिथूनच हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला आणि मार्वाच्या हातात दिला. पलीकडे मदतनीस मुलगी होती. काय होतंय, तिने विचारलं. आणि मार्वाच्या तोंडून सवयीने निघालं, की विशेष काही नाही, पायाला जरासं लागलंय. ताप आहे का? थोडासा. मुलगी म्हणाली, मग उद्या सकाळी साडेदहाची वेळ देते, चालेल? मार्वा हो म्हणणारच होती. उद्यापर्यंत तो पट्टा गुडघ्याला गेला असता.

कमलताईंना डच येत नव्हतं, इंग्रजीही नाही. पण फोनवर खोटं बोलणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं हे त्यांनी आपल्या नवऱ्याच्या वेळी बघितलं असणार. त्यांनी मार्वाचा पाय सोडला नाही. उलट घोट्यावर, लाल पट्ट्याच्या टोकाला, तळवा टेकवून तशाच बसून राहिल्या. पलीकडून मुलगी दोनदा हॅलो म्हणाली.

“थांबा,” मार्वा डचमध्ये म्हणाली. “मी खोटं बोलले. जखम चोवीस दिवसांची आहे. मला शुगर आहे. ताप एकोणचाळीस आहे, अंगठा काळा पडलाय आणि लाली घोट्याच्या वर चढलीये. मी केअरमध्ये काम करते, मला हे काय आहे ते माहीत आहे. मला भीती वाटतेय.”

शेवटचं वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी भाषेत बोलली होती. मुलीने तिला फोन चालूच ठेवायला सांगितलं. डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि तासाभरात मार्वा इस्पितळात होती. समता कामाची मीटिंग तशीच सोडून सोबत गेली. कमलताईंना घरीच थांबवलं होतं, पण त्या जॅकेट घालून आधीच टॅक्सीत बसल्या होत्या.

अंगठा गेला. शुक्रवारी सकाळी काढला. सर्जन कोवळी पोरगी होती. तिने पलंगाच्या कडेला बसून कागदावर चित्र काढून समजावलं, की हाड सडलं होतं, बाकीचा पाय औषधाने राहील असं दिसतंय, रक्तवाहिनी चांगली आहे. सोमवारपर्यंत थांबला असतात तर मी चित्रातली कापायची रेघ इतकी खाली काढू शकले नसते, असंही ती म्हणाली. मार्वाने दिवसभर चादरीखाली बघितलं नाही. शनिवारी नर्स पट्टी बदलायला आली तेव्हा तिने बघितलं. चार बोटं होती. तिने ती पुन्हा मोजली, आणि मग ती मोठ्याने रडली, दार उघडं असताना, समोरच्या पलंगावरच्या परक्या बाईदेखत.

रविवारी दुपारी चार वाजता तिने एनिडला फोन लावला. जमैकात तेव्हा सकाळचे दहा. फोन लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की रविवारी दहाला एनिड चर्चमध्ये असणार, फोन उचलणार नाही. पण एनिडने दुसऱ्या घंटेलाच उचलला. मार्वाने विचारलं, आज चर्चला गेली नाहीस? एनिड म्हणाली, पाऊस आहे. मार्चमध्ये त्यांच्या परगण्यात थेंब पडत नाही, हे दोघींनाही माहीत होतं, पण मार्वा स्वतःच्या बोलण्याच्या इतक्या तयारीत होती की तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने खडा सांगितला, कोरफड सांगितली, चोवीस दिवस सांगितले, अंगठा सांगितला. तोंड बंद केलं तर पुन्हा उघडणार नाही, अशा घाईने सांगितलं.

एनिडच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मार्वाला वाटलं, ती रागावली. घरातलं दुखणं बाहेर नेलं म्हणून आता बोलणार.

“कुठल्या पायाचा?” एनिडने विचारलं.

“उजव्या.”

“माझा डावा आहे,” एनिड म्हणाली.

मार्वा पलंगावर उठून बसली. कधीपासून, तिने विचारलं. नाताळापासून, एनिड म्हणाली. बूट चढत नाही, म्हणून चर्च सुटलं. वास येतो म्हणून शेजारणीला फाटकातूनच परत पाठवते. मिठाच्या पाण्याने रोज धुतेय, आता कमी आहे, तू काळजी करू नकोस, बरी आहे मी.

थोरल्या बहिणीला मार्वाने साठ वर्षांत कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आता तिचा आवाज इतका चढला की नर्स दारात आली. तिने एनिडला सांगितलं, की गप्प बस, बरी आहे हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. आत्ताच्या आत्ता शेजारणीला हाक मार, तिच्या भावाला गाडी काढायला सांग आणि इस्पितळात जा. एनिड म्हणाली उद्या जाते. मार्वा म्हणाली, आज. एनिड म्हणाली, रविवारी लोक चर्चमधून परत येत असतात, फाटकापाशी सगळे बघतील.

“बघू देत,” मार्वा म्हणाली. “फोन ठेवू नकोस. हाक मार.”

मग एनिडने खरोखरच हाक मारली, आधी अगदी हळू, मग पुन्हा, मोठ्याने. कुणीतरी धावत आलं, बायकांचे आवाज आले, फाटक करकरलं, कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मार्वाने फोन कानाशी दाबून धरला. गाडीचं दार लागल्याचा आवाज आल्यावरच तिने तो खाली ठेवला.